रिसिव्हरमधले ८ ओहम आणि ६ ओहमचे सेटिंग: कोणते ठेवावे?

खानदेशी श्रोता:
नमस्कार. दीड वर्षापूर्वी आम्ही जळगावात एक जुना फ्लॅट घेतला आणि त्याच्या हॉलमध्ये ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर) असा संच बसवला. पुढचे दोन टॉवर स्पीकर ६ ओहमचे (ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे माप) आहेत, सेंटर ८ ओहमचा आहे, आणि मागचे दोन लहान सराउंड माझ्या जुन्या मिनी सिस्टिममधले, म्हणजे ४ ओहमचे आहेत. सबवूफरला स्वतःचा ॲम्प्लिफायर असल्याने त्याचा प्रश्न नाही. या स्पीकरांना चालवणाऱ्या रिसिव्हरच्या मागच्या बाजूला टर्मिनलांजवळ ‘६ ते १६ ओहम’ असे छापलेले आहे, आणि आतल्या एका मेनूत ‘किमान ८ ओहम’ व ‘किमान ६ ओहम’ असे दोन पर्याय आहेत.

मे महिन्यात चित्रपट सुरू करून तासभर झाला की रिसिव्हर आपोआप बंद पडू लागला. दुकानातून आलेल्या तंत्रज्ञाने ते सेटिंग ८ वरून ६ वर आणून दिले. त्यानंतर बंद पडणे कमी झाले, पण थांबले नाही. शिवाय आवाज थोडा वाढवला की मोठ्या प्रसंगांत तो फाटल्यासारखा ऐकू येतो, जे पूर्वी कधी होत नसे. तीन वेगवेगळ्या ओहमचे स्पीकर असताना या सेटिंगची ‘जुळणी’ कोणाशी करायची, आणि ६ वर ठेवल्याने आवाज खराब होतो का, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

मांडवकर:
मी सार्वजनिक कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेत बरीच वर्षे काम केले आहे. ‘जुळणी’ हा शब्द आमच्याकडून घराघरांत गेला असावा असे मला वाटते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. मंडपात कर्णे लावण्यासाठी जे ॲम्प्लिफायर वापरतात, उदाहरणार्थ अहुजाचे, त्यांच्या मागे ४, ८ आणि १६ ओहमची आणि ७० व १०० व्होल्ट लाइनची स्वतंत्र टर्मिनले असतात. तिथे खरोखरच जुळणी करावी लागते, कारण आत आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि प्रत्येक टर्मिनल म्हणजे त्याच्या वेटोळ्याचा वेगळा टप्पा असतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचेही तसेच आहे.

घरच्या रिसिव्हरमध्ये मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो. ट्रान्झिस्टर थेट स्पीकरला जोडलेले असतात आणि ते विशिष्ट विद्युतदाब देतात. त्या दाबावर किती प्रवाह ओढायचा हे स्पीकर ठरवतो. स्पीकरचे ओहम कमी, तर प्रवाह जास्त. स्पीकरचा ओहम रिसिव्हरच्या ओहमइतका असला पाहिजे अशी अट इथे नसते. स्पीकर एका मर्यादेपेक्षा खाली जाऊ नये, एवढीच असते.

तारजोडे:
मांडवकरांनी योग्य ठिकाणाहून सुरुवात केली आहे. मी २६ वर्षे ध्वनिउपकरणांची दुरुस्ती केली, म्हणून ते सेटिंग आत काय करते ते सांगतो.

बहुतेक रिसिव्हरमध्ये हे सेटिंग ८ वरून ६ वर आणले की ॲम्प्लिफायरला मिळणारा पुरवठ्याचा दाब कमी होतो. त्यासाठी मुख्य ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याला दोन टप्पे ठेवलेले असतात आणि एक रिले त्यांतला एक निवडतो. काही मॉडेलांत दाब तोच राहतो आणि फक्त संरक्षक मंडळाची मर्यादा बदलते. स्पीकरच्या बाजूला कोणताही बदल होत नाही.

समजा, वरच्या सेटिंगवर पुरवठा अधिक-उणे ४२ व्होल्ट आहे आणि खालच्या सेटिंगवर २८ व्होल्ट. हे आकडे मी हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या रिसिव्हरचे नाहीत. ट्रान्झिस्टरांतला थोडासा दाब सोडून दिला, तर ४२ व्होल्टांवर ८ ओहमच्या भारात जास्तीत जास्त ११० वॅट जातील आणि ४ ओहमच्या भारात २२० वॅट. आता उष्णता पाहा. या प्रकारच्या ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर सर्वाधिक तापतात ते पूर्ण आवाजाला नव्हे, तर पूर्ण शक्तीच्या साधारण ४० टक्क्यांवर. त्या वेळी ८ ओहमच्या भारावर एका चॅनेलमधून सुमारे ४५ वॅट निव्वळ उष्णता हीटसिंकमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) जाते, ४ ओहमवर ८९ वॅट. तोच ४ ओहमचा भार २८ व्होल्टांवर चालवला, तर उष्णता ४० वॅटपर्यंत उतरते, म्हणजे ८ ओहमच्या मूळ स्थितीच्याही थोडी खाली. उत्पादकाने हे सेटिंग दिले आहे ते एवढ्यासाठीच: हीटसिंक तोच ठेवून कमी ओहमच्या भाराला सुरक्षिततेच्या चाचणीत बसवता यावे म्हणून.

त्याची किंमत अशी, की २८ व्होल्टांवर ८ ओहमच्या स्पीकरला ११० ऐवजी ४९ वॅटच मिळू शकतात. हा फरक साडेतीन डेसिबेलचा आहे. मर्यादेच्या आत ऐकत असाल तर आवाजात काहीच फरक पडणार नाही. मर्यादा ओलांडली की लाटेची टोके कापली जातात आणि आवाज फाटतो.

परंतु तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला खटकते. ६ ओहमचे टॉवर घरगुती आवाजात चालवून रिसिव्हर तासाभरात बंद पडू नये. सेटिंगचा निर्णय नंतर करू. आधी मल्टिमीटर घ्या. रिसिव्हर बंद करून त्याचा प्लग काढा, पाचही स्पीकरांच्या तारा रिसिव्हरच्या टोकाकडून सोडवा, आणि प्रत्येक जोडीचा रोध मोजून इथे लिहा. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो प्रत्येक वाचनातून वजा करायला विसरू नका, कारण इतक्या लहान मोजमापात त्याने फरक पडतो.

स्वरमग्न:
एक शंका. मल्टिमीटर तर फक्त रोध मोजतो, इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) नव्हे. माझ्या ८ ओहमच्या स्पीकरवर तो ६.१ दाखवतो. मग या मोजणीचा उपयोग काय?

तारजोडे:
शंका रास्त आहे. स्पीकरचा इम्पीडन्स हा एक आकडा नसतो, तो कंपनसंख्येनुसार बदलत जाणारा आलेख असतो. वूफरच्या नैसर्गिक कंपनाजवळ ८ ओहमचा स्पीकर २५-३० ओहमपर्यंतही चढतो, त्याच्या वर साधारण १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात तळ गाठतो, आणि पुढे क्रॉसओव्हरच्या (खर्ज आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या मंडळाच्या) रचनेप्रमाणे पुन्हा वरखाली होतो. स्पीकरवर छापलेला आकडा नाममात्र असतो. आयईसी ६०२६८-५ या मानकाप्रमाणे आलेखाचा तळ नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या, ६ ओहमचा ४.८ च्या आणि ४ ओहमचा ३.२ च्या खाली जाऊ नये. बाजारातले अनेक स्पीकर हे पाळत नाहीत. ८ ओहम छापलेला मोठा टॉवर ४ ओहमच्या आसपास उतरलेला मी पाहिला आहे, आणि म्हणून केवळ लेबलावर विसंबून सेटिंग ठरवणे मला पटत नाही.

मल्टिमीटर जो आकडा दाखवतो तो मुख्यतः व्हॉइस कॉइलच्या तारेचा रोध असतो. साध्या स्पीकरमध्ये इम्पीडन्स त्या आकड्याच्या खाली सहसा जात नाही, त्यामुळे तळ कुठे असेल याचा पहिला अंदाज त्यावरून येतो. ८ ओहमच्या स्पीकरवर साधारण साडेपाच ते साडेसहा, ६ ओहमवर साडेचार ते सव्वापाच आणि ४ ओहमवर तीन ते साडेतीन एवढे वाचन यायला हवे. अर्थात इथे माझा मुख्य हेतू तारेतला दोष शोधण्याचा आहे.

ठाण्याचा अभियंता:
वरची तांत्रिक माहिती बरोबर आहे, पण त्यावरून ‘हे सेटिंग नेहमी ८ वरच ठेवा’ असा सरसकट सल्ला कोणी काढू नये, म्हणून लिहितो. हा सल्ला ध्वनिप्रेमींच्या चर्चांत फार वेळा दिला जातो. त्यामागचा तर्क असा, की खरे संगीत ही सततची साइन लाट नसते, सरासरी शक्ती एक-दोन वॅटच असते, आणि म्हणून चाचणीइतकी उष्णता घरात कधी निर्माणच होत नाही. तर्क चुकीचा नाही. परंतु तो मांडताना जी खोली गृहीत धरलेली असते ती वातानुकूलित असते, आणि रिसिव्हर उघड्या फळीवर असतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि आपल्याकडे रिसिव्हर बहुधा टीव्हीखालच्या कपाटात, काचेच्या दाराआड असतो.

शिवाय खालच्या दाबाचा फायदा साध्या आवाजातही मिळतो. तारजोडे यांचेच आकडे घेऊन ६ ओहमच्या स्पीकरला दोन वॅट देताना काय होते ते मी काढले: ४२ व्होल्टांवर सुमारे २० वॅट उष्णता होते, २८ व्होल्टांवर साडेबारा. पाच चॅनेल एकत्र धरले तर हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

दुसरा मुद्दा पुस्तिकेचा. यामाहाच्या अनेक मॉडेलांत कारखान्यातून येताना सेटिंग ८ वर असते आणि ६ ओहमचे स्पीकर जोडल्यास ते ६ वर न्यावे अशी सूचना असते. ६ वर नेल्यावर पुढच्या जागी ४ ओहमचे स्पीकरही चालतात असे त्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले आढळते. सोनीच्या पुस्तिकांत, सगळे स्पीकर ८ ओहम किंवा त्याहून अधिक असतील तर ८, अन्यथा ४, असा नियम दिलेला असतो. वॉरंटी चालू असताना या लिखित सूचनेविरुद्ध जाण्याचा सल्ला मी देणार नाही. खानदेशी श्रोता, तुमचे ४ ओहमचे सराउंड मात्र रिसिव्हरवर छापलेल्या ६ ते १६ च्या मर्यादेत कोणत्याही सेटिंगवर बसत नाहीत, हे लक्षात घ्या.

खानदेशी श्रोता:
सर्वांचे आभार. आज मोजणी केली. पिनांचा ०.३ ओहम वजा करून आलेले आकडे असे: पुढचा डावा ४.९, पुढचा उजवा ५, सेंटर ६.२, डावा सराउंड ३.७, उजवा सराउंड २. शेवटचा आकडा मी तीनदा मोजला. नंतर उजव्या सराउंडची तार स्पीकरवरून काढून नुसता स्पीकर मोजला, तर तो ३.४ आला.

तारजोडे:
मग दोष त्या तारेत आहे. आता उजवा सराउंड सुटलेलाच ठेवा आणि रिसिव्हरच्या टोकाकडून ती मोकळी तार पुन्हा मोजा. दुसऱ्या टोकाला काहीच जोडलेले नसल्याने मल्टिमीटरने अमर्याद रोध दाखवला पाहिजे. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी दोन तारा एकमेकींना टेकल्या आहेत. आणि तीन-साडेतीनच्या आसपास आला तर त्या तारेवर आणखी एक स्पीकर आहे.

खानदेशी श्रोता:
३.७ आला! आणि आता सगळा उलगडा झाला. आधीच्या घरमालकांनी जेवणाच्या टेबलावरच्या फॉल्स सीलिंगमध्ये एक गोल स्पीकर बसवलेला आहे. तो बंद आहे अशी आमची समजूत होती आणि तिथून येणारा आवाज उजव्या सराउंडचा घुमणारा आवाज आहे असे आम्ही समजत होतो. आज शिडी लावून जाळी काढली. भिंतीतल्या पाइपातून जी तार आम्ही सराउंडसाठी वापरली, तिलाच मध्ये जोड देऊन तो स्पीकर लावलेला आहे, आणि तोही ४ ओहमचा आहे.

तारजोडे:
समांतर जोडणीत ४ आणि ४ मिळून २ ओहम होतात, आणि तुमच्या मोजणीत तेच दिसले: दोन्ही शाखांचे मिळून १.७ आणि मुख्य तारेचा ०.३. माझ्या मघाच्या हिशेबात २ ओहमचा भार घातला तर ४२ व्होल्टांवर त्या एका चॅनेलची कमाल उष्णता १७९ वॅट होते आणि २८ व्होल्टांवर ८०. तंत्रज्ञाने सेटिंग खाली आणल्यावर बंद पडणे कमी का झाले आणि तरीही का थांबले नाही, हे यावरून स्पष्ट होते. त्याने लक्षणावर उपाय केला, भार मात्र तसाच राहिला.

आवाज फाटण्याचे कारणही इथेच असण्याची दाट शक्यता आहे. पाचही चॅनेल एकाच ट्रान्सफॉर्मरवर आणि एकाच जोडीच्या मोठ्या कपॅसिटरांवर चालतात. सराउंडमध्ये मोठा आवाज आला की तो २ ओहमचा भार पुरवठ्याचा दाब खाली ओढतो, आणि तो दाब सर्वांचाच कमी होतो, अगदी तुमच्या निर्दोष टॉवरांचाही.

स्वरमग्न:
उरलेल्या ४ ओहमच्या सराउंडला मालिकेत ४ ओहमचा सिरॅमिक रेझिस्टर लावला तर एकूण ८ ओहम होतील ना? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मला हा उपाय दोन दुकानदारांनी सुचवला होता, आणि त्याला खर्चही जवळजवळ नाही.

मांडवकर:
कृपया तसे करू नका. रिसिव्हर सुरक्षित राहील हे खरे, पण स्पीकरचे नुकसान दोन प्रकारे होते. पहिले म्हणजे, जिथे स्पीकर ४ ओहमचा असतो तिथे त्याला अर्धाच दाब मिळतो, म्हणजे तब्बल ६ डेसिबेल जातात आणि उरलेली शक्ती रेझिस्टर तापवण्यात खर्च होते. दुसरे अधिक गंभीर आहे. जिथे तोच स्पीकर २० ओहमवर चढलेला असतो तिथे रेझिस्टर दीड डेसिबेलच खातो. परिणामी काही स्वर दबतात, काही वर येतात, आणि स्पीकर बनवणाऱ्याने साधलेला तोल बिघडतो. वूफरवरची ॲम्प्लिफायरची पकडही सैल होते. त्यापेक्षा सराउंडच्या जागी ८ ओहमचे साधे लहान बुकशेल्फ स्पीकर घेणे केव्हाही चांगले.

तार नव्याने टाकणार असाल तर एक सूचना. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त म्हणून गळ्यात मारली जाते. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. रिसिव्हरपासून मागच्या भिंतीपर्यंत ९ मीटर धरले तर जाऊन-येऊन १८ मीटर तार होते. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेत तेवढ्या लांबीचा रोध ०.२४ ओहम येतो, अडीचमध्ये ०.१४. ८ ओहमच्या सराउंडला दीडची तार पुरेशी आहे, मात्र टॉवरांना मी अडीचचीच वापरीन.

खानदेशी श्रोता:
आठवड्यानंतर लिहीत आहे. छतातला स्पीकर तोडून वेगळा केला आहे आणि सराउंडच्या जागी भावाकडचे ८ ओहमचे बुकशेल्फ आणून लावले आहेत. सेटिंग अजून ६ वरच आहे. काल अडीच तासांचा चित्रपट नेहमीच्या आवाजात पाहिला. रिसिव्हर बंद पडला नाही आणि आवाजही फाटला नाही. आता सेटिंग ८ वर न्यावे का? वॉरंटीचे सहा महिने बाकी आहेत. टॉवरांच्या कागदावर संवेदनशीलता ८७ डेसिबेल लिहिलेली आहे. आम्ही तीन मीटरवर बसतो आणि रिसिव्हरचा आवाज उणे १० च्या पुढे नेत नाही.

ठाण्याचा अभियंता:
तुम्ही दिलेल्या माहितीवर याचे उत्तर आकड्यांत देता येते. कॅलिब्रेशन केलेल्या, म्हणजे मायक्रोफोन लावून स्पीकरांच्या पातळ्या जुळवलेल्या रिसिव्हरवर शून्य म्हणजे चित्रपटगृहाची संदर्भपातळी, जिथे मुख्य चॅनेलचे सर्वोच्च क्षण १०५ डेसिबेलपर्यंत जातात. उणे १० वर ते ९५ होतात. तुमचा टॉवर २.८३ व्होल्टांवर एक मीटरला ८७ डेसिबेल देतो; बंद खोलीत तीन मीटरवर सुमारे ७ डेसिबेल घटतात असे धरले तर ८० उरतात. ९५ गाठायला आणखी १५ डेसिबेल लागतील, म्हणजे दाब ५.६ पट, सुमारे १६ व्होल्ट. त्या लाटेचे टोक साडेबावीस व्होल्टांवर येते. आपल्या गृहीत धरलेल्या २८ व्होल्टांच्या पुरवठ्यात ते बसते. म्हणून तुमच्या ऐकण्याच्या पातळीवर खालचे सेटिंग आवाजातून काहीही हिरावून घेत नाही, आणि उन्हाळ्यात उष्णता कमी राहते हा लाभ वेगळा. वॉरंटी संपेपर्यंत मी ६ वरच ठेवीन.

तारजोडे:
याला माझी हरकत नाही, आणि हिशेब नेमका आहे. एवढेच नोंदवतो, की ३०० चौरस फुटांचा हॉल असता, बैठक पाच मीटरवर असती आणि स्पीकर ८४ डेसिबेलचे असते, तर त्याच उणे १० वर २८ व्होल्ट पुरले नसते, आणि तेव्हा मी ६ ओहमच्या टॉवरांनाही ८ चे सेटिंग ठेवून रिसिव्हरच्या हवेची नीट व्यवस्था केली असती. हवेची व्यवस्था तुम्ही आताही करा. काही उत्पादक वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा सोडायला सांगतात. कपाटात ते शक्य नसेल तर मागची प्लायची पाटी काढा आणि संगणकाचा १२० मिलिमीटरचा पंखा ५ व्होल्टांवर चालवून गरम हवा बाहेर ओढा. त्या दाबावर पंख्याचा आवाज ऐकू येत नाही. टॉवर ‘स्मॉल’ ठेवून ८० हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे वळवला नसेल तर तेही करा, कारण प्रवाहाची मोठी मागणी खर्जातच असते.

आणि मायक्रोफोन लावून कॅलिब्रेशन पुन्हा चालवा. उजव्या सराउंडची जुनी पातळी दोन स्पीकरांच्या मिळून आलेल्या आवाजावर बेतलेली आहे.

खानदेशी श्रोता:
आत्ताच केले. जुन्या नोंदीत उजवा सराउंड डाव्यापेक्षा तीन डेसिबेल खाली ठेवलेला दिसतो. दीड वर्ष तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. आता दोघांत अर्ध्या डेसिबेलचा फरक आहे. मागची पाटी उद्या काढतो.

मांडवकर:
छतातल्या तारेची दोन्ही टोके वेगवेगळी इन्सुलेशन टेपने गुंडाळून, एक टोक दुसऱ्यापेक्षा आखूड कापून मगच जाळीमागे सारा. तो जोड पाइपाच्या आत असेल तर तोही बाहेर ओढून पाहा.